रंग अंगावर असताना

मार्गशीर्षातला गुरुवार होता. तुळजाने पहाटेच घट मांडला होता. कलशात पाच झाडांच्या डहाळ्या, वर नारळ, नारळाला हिरवं वस्त्र. आता दुपार कलली तरी ती पाटासमोरच बसून होती, झेंडूच्या पाकळ्या एकेक करून वेगळ्या काढत. तेवढ्या पाकळ्यांची देवीला गरज नव्हती. तुळजाला होती.

"आई, खुर्च्या किती लावू?" सुनेने, चंद्राने, आतून विचारलं.

"खुर्च्या कशाला? चटई टाक. वाचायचंच हाय ना त्यांना."

"नाटक वाचायचंय," दारातून सागर म्हणाला. तुळजाचा हा थोरला. वडप्याच्या एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर. आजची ड्युटी दुसऱ्याच्या गळ्यात घालून तो घरी थांबला होता, आणि तो ऐकायला थांबलेला नाही हे घरात सगळ्यांना कळत होतं. "आपल्या बापाचं नाटक, रीमाने लिहिलेलं. गावाने एकदा बघितलं ते पुरलं नाय वाटतं."

तुळजाने पुढची पाकळी सोडवली. उपासाच्या दिवशी ती वाद घालत नसे, आणि तिचे उपास इतके होते की वाद घालायला दिवसच उरत नसत.

तुळजाचा नवरा नवशा घरातून गेला त्याला किती वर्षं झाली, हे या घरात मोजत नाहीत. धाकटी रीमा बालवाडीत होती, सागर चौथीत, एवढंच म्हणतात. खारबावच्या जत्रेत गावकऱ्यांचं नाटक व्हायचं आणि बायकांची कामंही गडीच करायचे. नवशा राणी व्हायचा. अशी राणी की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या पदराने डोळे पुसायच्या. त्या वर्षी शेवटचा प्रवेश झाला, पडदा पडला, आणि नवशा तोंडावरचा रंग न उतरवता मांडवाच्या मागून निघाला. तो खाडीच्या वाटेने चालत गेला. तुळजाने त्याला पाठमोरा जाताना बघितलं होतं. तिने हाक मारली नाही.

मारणार कशी? नाटक मंडळाचा नियम होता. रंग चढला की घरचं नाव उतरलं. पहिलं बोट गालाला लागल्यापासून खोबरेल तेलाने तोंड पुसेपर्यंत त्या माणसाला घरच्या कुणी हाक मारायची नाही. नावाने नाही, नात्याने नाही. मारली तर भूमिका अंगातून निघत नाही, तशीच चिकटून राहते, अशी समजूत. तुळजाने देवाधर्माचा एक नियम आयुष्यात मोडला नव्हता. तिने हाही पाळला. नवशा परत आला नाही. कुणी म्हणालं, नगरकडे एका नाटक कंपनीबरोबर दिसला. कुणी म्हणालं, तो दुसराच होता. तुळजाच्या गळ्यात मंगळसूत्र आहे आणि कपाळाला कुंकू आहे.

पुढच्या दारी चपला वाजल्या. नामा आला, नवशाचा धाकटा भाऊ. मंडळाचं नाटक बंद पडून जमाना झाला होता, पण रंगाची पेटी अजून नामाच्या माळ्यावर होती आणि नियमही अजून नामाच्याच ताब्यात होते.

"वयनी, पोरीने खरंच तुझ्या तोंडी हाक घातलीय म्हनं? रंगातल्या मानसाला?"

"ठावं न्हाय, भावजी. मी आयकलं कुठं अजून?"

"मंडळाला बट्टा हाय तो. तू हाक मारली न्हाय म्हनून तर आजवर गाव तुझं नाव काढतं."

"बघ," सागर म्हणाला. "काकापन तेच बोलतो. आई, तू नुसतं 'नाय' म्हन. तिच्या कार्यशाळेचाच नियम हाय, घराने नाय म्हटलं की नाटक बंद. एक शब्द बोल, संपला विषय."

तुळजाने पाकळ्या ओंजळीत घेतल्या आणि कलशाभोवती गोल सोडल्या.

*

रीमा रिक्षातून उतरली तेव्हा तिचे हात गार पडले होते. बरोबर नबीला होती, भिवंडीतल्या कोकणी मुसलमानांच्या घरातली, तिच्याच वयाची. सहा महिने दर रविवारी दोघी एका बंद पडलेल्या लूमच्या शेडमध्ये शेजारी शेजारी बसल्या होत्या. शेड हाशिम सरांच्या चुलत्याची. मागाची खटखट थांबली तिथे सरांनी नाट्यलेखनाची कार्यशाळा भरवली होती. ठाणे-पालघरकडचे बारा जण, ज्याने त्याने आपल्या बोलीत नवं नाटक लिहायचं. सरांचे नियम कडक. लिहिणाऱ्याने आपलं लिखाण समजावून सांगायचं नाही. दुसऱ्यांनी वाचायचं, त्याने गप्प बसून ऐकायचं. त्याला वाचायचं झालंच तर फक्त कंसातलं वाचायचं, कोण कुठून आलं, कोण कुठे गेलं, तेवढं. आणि चौथा खर्डा पुरा झाला की घरवाचन. ज्या घरातून नाटक आलं त्या घरी जायचं, घरच्यांच्या हातात पानं द्यायची आणि त्यांच्याच तोंडून ते ऐकायचं. घर नको म्हणालं तर ते नाटक तिथेच संपलं. उन्हाळ्यात ठाण्याला कार्यशाळेतली पाच नाटकं उभी राहणार होती. रीमाचं त्यातलं पहिलं होतं, घर हो म्हणालं तर.

"डर मत," नबीला म्हणाली. "माझ्या अब्बांनी तर पहिल्याच पानावर विचारलं होतं, यात मी मरतो काय? नाही म्हटलं, तर म्हणाले, मग वाचा."

तुळजाने दोघींच्या पायांवर पाणी घातलं. "तुमचे सर न्हाय आले?"

"स्टेशनसमोर टपरीवर बसलेत, मावशी," नबीला म्हणाली. "घरवाचनाला सरांनी यायचं नसतं. सर समोर असले की लोक शरमेने हो म्हणून टाकतात."

"असं होय. शहाना दिसतो मानूस."

"मी मात्र बोंबलाच्या आशेवर आलेय, सांगून ठेवते."

"मार्गशीर्षात? कुनी फसवलं तुला?"

"हिनेच. म्हणाली, आईच्या हातची सुकट खाल्लीस तर लूम विसरशील."

"सुकट पौषात ये खायला. आज शिंगाड्याचा शिरा हाय." तुळजा हसली, आणि रीमाला वाटलं, अजून वेळ गेलेली नाही. मग तिने दारात दादाला बघितलं. हाताची घडी, पाठ चौकटीला. हसू तिथवर पोचलं नव्हतं.

घटासमोरच चटई होती. रीमाने पानं वाटली. बायकोचं काम नबीला वाचणार होती, ते कार्यशाळेतच ठरलं होतं. बाकीची कामं घरच्यांनी वाचायची.

"पोराचं कोण वाचतंय?" रीमाने विचारलं आणि सागरकडे बघितलं.

"मला विचारू नको."

"आण, मी वाचते," चंद्रा पदराला हात पुसत बसली. सागरने तिच्याकडे बघितलं. सकाळी अंथरुणात ती म्हणाली होती, तुमचं बरोबर आहे, कशाला उगाच जुनं काढायचं. "असं काय बघता? कुणीतरी वाचायला नको?"

"आणि काका," रीमाने शेवटचा गठ्ठा पुढे केला, "हे तुम्ही."

नामाने चष्मा लावला, पहिल्या पानावर नवशाचं नाव वाचलं, आणि चष्मा पुन्हा काढला.

"दादाचं? मी?"

"गावात दुसरं कोण आहे त्यांच्यासारखं बोलणारं?"

*

नामाला वाटलं होतं, पानं हातात घेऊ, दोन ओळी वाचू आणि म्हणू की जमत न्हाय. पण ती पानं लबाड निघाली. दुसऱ्याच ओळीला त्याची मान दादाच्या ठेवणीत तिरकी झाली. पहिल्या प्रवेशात दादा अंगणात राणीची चाल घटवत होता. पाऊल टाकायचं, थांबायचं, नजर वळवायची. बायको तिथेच सूप घेऊन तांदूळ पाखडत बसलेली.

"चंद्र पाहिलात, महाराज?" नामाने वाचलं. आवाज आपसूक बारीक झाला.

"पाह्यला, रानीसरकार," नबीला म्हणाली. "आता त्योच चंद्र बघत हंडा भरून आना, नळ जाईल."

तुळजाच्या तोंडून हसू सांडलं. तिने लगेच पदर लावला. त्या घरात तिला असं हसताना नामाने कधी ऐकलं, हे त्याला आठवेना. आणि ती पोर, मुसलमानाची, शहरातली, ती वयनीसारखीच वाक्याचं शेपूट सोडून देत होती. अर्धं बोलायचं आणि उरलेलं समोरच्याने समजून घ्यायचं.

"मी असंच बोलतंय काय गं?" तुळजाने चंद्राला हळूच विचारलं.

"असंच. मी रोज ऐकते ना."

नामा वाचत राहिला. घामाने चष्मा घसरत होता. दादा भावाला रंग लावायला शिकवतो, तो प्रवेश आला. दादा म्हणतो, "नामा, बोट हलकं. तोंड मानसाचं हाय, भिंत न्हाय." हे शब्द खरंच दादाचे होते, कितीदा तरी नामानेच पुतणीला सांगितलेले. पण ते आपल्याच तोंडून, आपल्यालाच बोलायचे? नामाने ओळ दोनदा वाचली. पहिल्यांदा आवाज निघाला नव्हता.

मग शाळेचा प्रवेश आला. चंद्राने पोराचं वाचलं, "बाबा, तुम्ही जत्रेत राणी होऊ नका. वर्गात मला राणीचा पोर म्हणतात."

"बस!" सागर म्हणाला.

पानं थांबली.

"हे कुनी सांगितलं तुला? तू बालवाडीत होतीस, रीमा. तुला काय ठाऊक मला काय म्हणत होते?"

रीमाने ओठ मिटून घेतले.

"बोल ना! आता का गप्प?"

"दादा, तिने बोलायचं नसतं," नबीला हलकेच म्हणाली. "नियम आहे."

"नियम!" सागर हसला, पण ते हसणं नव्हतं. "या घरात नियमाशिवाय काय हायच नाय. एक नियम पाळला म्हणून बाप गेला, आता दुसरा पाळून त्याचा तमाशा करा. ठाण्याला तिकीट लावून दाखवा. गोडाऊनमध्ये माझ्या हाताखाली पन्नास पोरं हायत, त्यातली दहा खारबावची. काय सांगू त्यांना?"

"सागर," तुळजा म्हणाली. आवाज चढला नव्हता. तिचा कधी चढत नसे. "बस खाली. कहानी अर्धी टाकत न्हाईत."

"ही काय देवीची कहानी हाय?"

"कुनाचीबी असू दे. लावलेली कहानी पुरी आयकायची. मंग हात जोडायचे का उठून जायचं, ते ज्याचं त्याने बघावं."

सागर बसला नाही. पण गेलाही नाही. चंद्रा त्याच्याकडे न बघता म्हणाली, "तुमचं चांगलंच वाचतेय मी. उगा वाईट वाटून घेऊ नका."

*

शेवटचा प्रवेश यायला लागला तशी रीमा पानाच्या कडा दुमडू लागली. हाच प्रवेश तिने चार वेळा लिहिला होता. पहिल्या खर्ड्यात बायको बघत राहते आणि अंधार होतो. खरं होतं तसंच. शेडमध्ये वाचून झाल्यावर हाशिम सर एवढंच म्हणाले होते, "हे घडलं ते लिहिलंस. तुला काय हवंय?" त्या रात्री तिला कळलं की तिला काय हवंय. चौथ्या खर्ड्यात तिने ते लिहिलं. लिहिताना ती रडली होती, आणि तिला वाटलं होतं, आईला मी हे देतेय. जे तिला मिळालं नाही ते.

तिने कंसातलं वाचलं. "पडदा पडलाय. मांडवाची मागची बाजू. राणीच्या वेषातला तो, अंगावर अजून रंग. खाडीच्या वाटेला लागतो. बायको कनातीपाशी उभी. तिचा हात वर जातो."

नबीलाने पान खाली ठेवलं. हे वाक्य तिला पाठ होतं. शेडमध्ये तिने ही हाक मारली की पत्रे वाजायचे. आज तिने तुळजाकडे बघितलं, उपासाने सुकलेल्या ओठांकडे बघितलं, आणि तिचा आवाज हाकेइतका मोठा झालाच नाही.

"नवशा," ती म्हणाली.

"तो थांबतो," रीमाने वाचलं. "वळतो. कंदिलाच्या उजेडात त्याचा चेहरा दिसतो."

"आलो," नामा म्हणाला.

नवशाचाच आवाज होता तो. नामालाही तो ऐकू आला. सगळ्यांनाच आला.

बाहेर रस्त्यावरून कंटेनर गेला, भिंतीवरची भांडी किणकिणली आणि थांबली.

"संपलं?" तुळजाने विचारलं.

"संपलं," रीमा म्हणाली. आता तिला बोलायची मोकळीक होती. "आई, कसं..."

"हे नको, बाय."

सागरने श्वास सोडला. नामाने मान डोलावली. रीमाने पानं गोळा केली, एकावर एक, कडा जुळवत. तिला रडायचं नव्हतं, म्हणून ती ते काम फार नीट करत होती.

"मी बोललो होतो," नामा म्हणाला. "रंगातल्या मानसाला हाक, शोभत न्हाय ते. वयनीने पाळलं तेच बरोबर. वयनी, मी तुला कायम सांगतो ना, तू नियम धरलास म्हनून. न्हायतर तुझ्या एका हाकेला दादा थांबला असता. एका हाकेला! तेवढी ताकद होती तुझ्या हाकेत."

तुळजा त्याच्याकडे बघत राहिली. हे वाक्य तिला नवं नव्हतं. लग्नाकार्यात, गौरीला, कुणी आजारी असताना, नामा ते म्हणायचा. मायेने म्हणायचा. वहिनीचा मान राखायचा म्हणून. आणि प्रत्येक वेळी ती मान खाली घालायची आणि घरी येऊन एक उपास वाढवायची.

"भावजी," ती म्हणाली, "एक विचारू?"

"विचार की."

"खरंच थांबला असता?"

"म्हंजे? थांबलाच असता."

"असं नका. देवीसमोर बसलाव. तुम्ही त्यांचे पाठचे भाऊ, तुमच्याइतकं त्यांना कोन वळखतं? नीट आठवा. ते ज्या चालीने चालले होते ती चाल मीबी बघितली, तुम्हीबी बघितलीत. मी हाक मारली असती तर थांबले असते?"

नामाला आता कुठे दिसलं होतं, आपण काय बोलत आलो ते. चष्मा हातात फिरवत तो घटाकडे बघत राहिला, मग वहिनीकडे बघायचा प्रयत्न केला, ते जमलं नाही.

"ठावं न्हाय, वयनी," तो म्हणाला.

"हां."

"खरंच ठावं न्हाय."

"बस. मना तेवढंच पायजे होतं."

रीमाला काहीच कळलं नव्हतं. "आई, पण मी हाक घातली ती तुझ्यासाठीच. तू किती वर्षं ती गळ्यात धरून..."

"हाक ठेव," तुळजा म्हणाली.

"म्हणजे?"

"हाक ठेव. त्यांना वळवू नको." तिने लेकीचा हात धरला. तिचा हात ऊन होता, रीमाचा अजून गारच. "अगं, एका हाकेला त्यांना वळवलंस तर लोकं काय म्हनतील? म्हनतील, बघा, येवढंच होतं. बाईने तोंड उघडलं असतं तर संसार टिकला असता. आनि मी पन तिथंच बसून तेच म्हनंन. मी तेच म्हनत आले, बाय. रोज. दिवा लावताना, दिवा निववताना. आता मना ते नाटकात पन बघायचं न्हाय."

"मी तसं म्हणून नाही लिहिलं."

"मना ठावं हाय तू कसं म्हनून लिहिलंस." तुळजा थांबली. "तुला बापूस बघायचा होता."

रीमाने मान फिरवली. बापाचा चेहरा तिला आठवत नव्हता. जो आठवायचा तो रंगातला होता, एका जुन्या फोटोतला, राणीचा. त्याच्या खालचा चेहरा कसा होता ते तिने कुणाला विचारलं नव्हतं. कंदिलाच्या उजेडात त्याला वळवलं तेव्हाही त्या चेहऱ्याचं एक अक्षर तिला लिहिता आलं नव्हतं. "चेहरा दिसतो," एवढंच लिहिलं होतं.

"पाप होईल, वयनी," नामा पुटपुटला. पण आधीसारखा जोर नव्हता. "रंगात हाक..."

"नाटकातल्या बाईला लागू दे पाप. मी धरलाय ना नियम? माझा धरून झाला." तिने नबीलाकडे बघितलं. "आनि पोरी, नाव नको. मी त्यांचं नाव कंदी घेतलं न्हाय, उखान्यातबी लाजत घ्यायची."

"मग काय म्हणाल, मावशी? काय म्हणाला असतात?"

हा प्रश्न इतक्या वर्षांत तुळजाला कुणी विचारला नव्हता. हाक का मारली नाहीस, हे बायकांनी विचारलं होतं. मारली नाहीस ते बरं केलंस, हे मंडळाने म्हटलं होतं. काय म्हणणार होतीस, हे कुणीच नाही. तिने पदर सारखा केला.

"माझ्या हातात पेला होता," ती म्हणाली. "नाटक संपलं की त्यांना लागायचा. तेल लावून तोंड पुसायचे आनि प्यायचे. मी म्हनली असती... अवं, चा निवते."

"एवढंच?" चंद्राने विचारलं.

"येवढंच. दुसरं काय बोलतात नवऱ्याला?"

नबीलाने पान उचललंच नाही. ती गुडघ्यांवर उठून बसली. "रीमा, परत घे. हात वर जातो, तिथून."

रीमाने घेतलं. "खाडीच्या वाटेला लागतो. बायको कनातीपाशी उभी. तिचा हात वर जातो."

"अवं," नबीला म्हणाली. फार मोठ्याने नाही. अंगणातून ओट्यावर पोचेल एवढीच. "चा निवते."

दाराशी उभा सागर वळला. कुणी आलंय का बघावं तसा, पटकन, बाहेर. अंगणात चपला होत्या, तुळस होती, पलीकडे गोडाऊनची निळी भिंत होती. तो वळला हे त्याच्या स्वतःच्याच उशिरा लक्षात आलं. वळून परत घरात बघताना त्याचा चेहरा चौथीतल्या पोराचा झाला होता, आणि तो चंद्राने बघितला, रीमाने बघितला, आईने बघितला.

नामाच्या हातात पान होतं. "मी काय बोलू आता?" त्याने विचारलं. "माझं 'आलो' हाय पुढं."

रीमाने त्याच्या हातातलं पान हळूच काढून घेतलं. पेन तिच्या केसांत खोवलेलं होतं. "काही नाही, काका. तुम्हाला आता वाक्य नाही."

तिने ती ओळ खोडली. एकच शब्द होता, पण खोडायला वेळ लागला. नंतर लिहिलं, आणि लिहिलेलं वाचलं, कारण कंसातलं वाचायचं काम तिचंच होतं. "तो ऐकतो. तो चालत राहतो."

तुळजाने डोळे मिटले. ओठ हलत होते. जप असेल किंवा नसेल.

"मग ती?" थोड्या वेळाने नबीलाने विचारलं. "मावशी, ती काय करते? मी तिथे नुसती उभी राहू का?"

"उभी कशाला राहशील? पोरं झोपलीत ना मांडवात." तुळजाने डोळे उघडले. "जत्रेत उशीर झालेला. धाकटी गोनपाटावर गाढ झोपलेली. तिला खांद्यावर घेतली. मोठा..."

"मी चालत होतो," सागर म्हणाला.

तो आत येऊन चटईच्या कडेला बसला होता. कधी बसला ते कळलं नव्हतं.

"झोपेत चालत होतो, तुझा पदर धरून. वाटेत ती लिंबाची गल्ली होती ना, जिथे आता ट्रकचा वजनकाटा हाय, तिथे माझी चप्पल तुटली. तू थांबली नाय. मी एका पायाने आलो."

"थांबले असते तर पडले असते रे."

"म्हाईत हाय. नंतर कळलं." तो रीमाकडे बघत नव्हता, तिच्या हातातल्या पेनाकडे बघत होता. "लिहायचं तर ते लिही. तुझं तोंड तिच्या खांद्यावर होतं, मागच्या बाजूला. तुझे डोळे उघडे होते थोडा वेळ. तू त्या वाटेकडेच बघत होतीस."

रीमाला हे ठाऊक नव्हतं. आपण बघत होतो. आपल्याही डोळ्यांसमोरून तो गेला होता. तिने आठवून बघितलं, जोर लावून, लहान पोर पाण्यात डोळे उघडतं तसं. काही दिसलं नाही. पण आईच्या खांद्याचा घामेजला वास आला, खोबरेलाचा, तांदळाच्या कोंड्याचा, आणि तो कुठून आला ते तिला सांगता आलं नसतं.

तिने लिहायला घेतलं. "ती धाकटीला उचलून खांद्यावर घेते. मोठा तिचा पदर धरतो, रडत..."

"रडत नाय," सागर म्हणाला. "मी रडत नव्हतो."

"रडत होतास," तुळजा म्हणाली.

"आई!"

"सगळी वाट रडत होतास. घरी येईपर्यंत. मंग मी तुला पान्याने तोंड धुवायला लावलं."

चंद्राने हसू दाबलं. नामाने नाक शिंकरलं. सागर चटईची काडी ओढत बसला, ओढून मोडली, मग दुसरी धरली. रीमा पेन उचलून थांबली होती. सरांचा नियम होता की लिहिणाऱ्याने विचारायचं नाही, म्हणून तिने विचारलं नाही.

"बरं," सागर म्हणाला. "रडत लिही."